चार दहा ते पाच पंचवीस

बसवनगुडी, बंगळूर
२८ जून १९५८

श्रीमती चंपाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

मी गुंडोराव. तुमचा भाऊ परसू ज्या कॉलेजला बेडूक पुरवतो, तिथला प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. परसूला लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र मी त्याच्या सांगण्यावरून लिहितोय. तो प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर बसलाय, मी आत खिडकीशी. आमच्या घराण्याला बंगळुरात तीनशे वर्षं झाली, तेव्हा माझ्या मराठीत मध्येच कानडी खडा लागला तर गोड मानून घ्या.

परसू म्हणतो, "अक्काला लिवा, माझं बरं हाय. बसवंतानं माझं जाळं फाडलं म्हनून मी त्याच्या कानफटात हानली. त्यो माझ्या हाताला कडकडून चावला. आता पुन्हा एकाच ताटात जेवतो." एवढं सांगून झाल्यावर म्हणाला, "ह्ये लिवू नका." तोवर लिहून झालं होतं.

तुमचा भाऊ इथं काय करतो ते तुम्हाला नीट ठाऊक नसेल. तो आणि तुमच्याच गल्लीतला बसवंत सर्जापूरच्या रस्त्यावरच्या, बनशंकरीकडच्या तळ्यांवरून मोठे पिवळे बेडूक धरून आणतात. मी बेडकाच्या मानेमागून सुई खुपसतो, मेंदू ढवळतो, पोट उभं चिरतो आणि आतले किडे शोधतो. आमच्या मातुश्री कृष्णाबाई मला संध्याकाळी न्हाल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, यात नवल नाही.

गेल्या महिन्यात परसूच्या बेडकाच्या मूत्राशयात एक चपटा कृमी निघाला, जवसाच्या दाण्याएवढा. या कुळातले कृमी बेडकाचं रक्त पिऊन राहतात. मागच्या टोकाला चिकटून राहायला सहा पेले आणि दोन आकडे असतात. आकड्यांच्या आकारावरून जात ओळखायची. या किड्याचे आकडे टोकाला दुभंगलेले आहेत. असा किडा कुठल्याही पुस्तकात नाही! पण एकावर भागत नाही, आणि हा तर बेडकासोबत मेलेलाच मिळाला, आक्रसलेला. दुसरा हवा, तोही जिवंत. मी दोघांना सांगून टाकलंय की ज्याच्या बेडकात दुसरा निघेल त्याचं नाव किड्याला लागेल, विलायतेत छापून येईल. परसू तेव्हापासून मिशीत हसतोय. बसवंत हसत नाही.

किड्याच्या बाटलीत मी पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घालतो. शाई स्पिरिटमध्ये उतरते, पेन्सिल टिकते. कुठला बेडूक, कुठला अवयव, कुठलं तळं, कोणी आणला, कोणत्या तारखेला, किती वाजता. माझे गुरू म्हणत, चिठ्ठी एकदा खोटी लिहिलीस तर आतला किडा गटारात फेक. परसूला या चिठ्ठीचं फार कौतुक. आपलं नाव कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला लावतो.

आपला,
गुंडोराव

*

सरकारी दवाखाना, निपाणी
५ जुलै १९५८

गुंडोराव साहेबांना नमस्कार.

पत्र मिळालं. मी इथं नर्स आहे, बाळंतपणं करते आणि जत्रेच्या दिवसांत फुटलेली डोकी शिवते, त्यामुळं सुई खुपसण्याचं मला काही वाटलं नाही. आई गेली तेव्हा परसू चार वर्षांचा होता आणि मी चौदाची. आज तो चौतीसचा आहे, तरी त्याला सांगा, पुन्हा हात उगारलास तर अक्का बंगळुरात येऊन तुझा हात मोडेल.

आता तुम्हाला सांगते. बसवंताच्या बापानं बांधाच्या भांडणात सख्ख्या चुलत भावाचा हात कोपरापासून तोडला होता. तो मी याच दवाखान्यात बांधला. त्या घरातल्या माणसांना राग आला की ओरडत नाहीत, गप्प होतात. तुम्ही लिहिलंत, बसवंत हसत नाही. मला ते वाचून बरं वाटलं नाही.

त्या दोघांना जन्मात कोणी अहो म्हटलेलं नाही. तुम्ही त्यांच्यासमोर विलायतेत छापलेलं नाव टांगलंत. तुमची चेष्टा असेल, त्यांची नाही. ते नाव मागं घ्या. नाहीतर दोघांचंही द्या. बसवंताची बायको गंगव्वा इथं सातव्या महिन्यात आहे, तिचा नवरा मला धड घरी यायला हवाय आणि माझा भाऊसुद्धा.

चंपा

*

बसवनगुडी, बंगळूर
२१ जुलै १९५८

चंपाबाई यांस,

तार मिळाली असेल. परवा, शनिवारी १९ तारखेला, परसू गेला.

दुपारी ते दोघं सर्जापूरच्या रस्त्यावरच्या मोठ्या तळ्यावर होते. परसूच्या जाळ्यात एक थोरला बेडूक आला. बसवंत म्हणाला, जागा माझी, बेडूक माझा. परसूनं त्याला चिखलात पाडून तोंडावर लाथ मारली, दोन दात पाडले. बसवंतनं लव्हाळा कापायचा कोयता उचलला आणि परसूच्या मांडीत घातला. हे सगळं काठावरच्या धोब्यांनी पाहिलं. परसू तसाच पोतं घेऊन सायकलवर बसला आणि सहा मैलांवरच्या आमच्या कॉलेजकडे निघाला.

शनिवार म्हणून कॉलेज दुपारीच रिकामं झालं होतं. मी एकटाच आत कामात होतो. साडेपाचला मागचं दार उघडलं तर परसू पायरीवर भिंतीला टेकून बसलेला. प्राण गेला होता. कधी आला, किती वेळ बसला होता, कळायला मार्ग नव्हता. मी पोलिसांनाही हेच सांगितलं.

बसवंत पकडला गेला आहे. उन्हापावसाचे दिवस, तुमची वाट पाहणं शक्य नव्हतं. काल अग्नी मीच दिला. मला त्याहून काही करता आलं नाही.

गुंडोराव

*

निपाणी
२६ जुलै १९५८

गुंडोराव,

तार आली तेव्हा माझ्या हातात एक बाळंतीण होती. ते काम पुरं केलं, हात धुतले आणि गंगव्वाच्या दारात गेले. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती तांदूळ निवडत होती. "काय झालं अक्का?" म्हणाली. मी तिच्या तोंडात मारली. ती पडली तरी मारली. झिंज्या धरून तिला अंगणात ओढली. सातवा महिना, मला सगळं दिसत होतं, हात थांबत नव्हते. मागून गल्ली आली. पोरांनी त्यांची गंजी पेटवली, म्हातारा सासरा दाराच्या कडीला धरून उभा होता, त्याच्या डोक्यात कुणीतरी धोंडा घातला. रात्री त्याचं डोकं शिवायला मलाच उठवलं. मी शिवलं. आठ टाके.

मला बसवंत फासावर हवा. मी तिथं येऊन बघेन. दोर खराब असला तर नवा घेऊन येईन.

पण मला विचारायचंय. कुठली मांडी? आत की बाहेर? रक्त उसळत होतं की झिरपत होतं? उसळत असतं तर तळ्यापासून तुमच्या कॉलेजपर्यंत सहा मैल सायकल मारता आली नसती. म्हणजे झिरपत होतं. झिरपणाऱ्या जखमेनं माणूस लगेच मरत नाही. मी अशी माणसं वाचवली आहेत. वरच्या बाजूला नुसतं घट्ट बांधलं तरी वाचतो. पायरीवर रक्त किती होतं?

चंपा

*

बसवनगुडी, बंगळूर
१० ऑगस्ट १९५८

चंपाबाई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं डॉक्टरच देऊ शकतील. जखम उजव्या मांडीला बाहेरून होती, त्यानं वर पोत्याचा तुकडा गुंडाळला होता, एवढं मी पाहिलं. बाकी आता उकरून काय मिळणार? तुम्ही गंगव्वाला मारलंत ते वाचून मला फार वाईट वाटलं. तिचा यात काय दोष?

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. परसू जिंकला. त्या बेडकाच्या मूत्राशयात तो किडा निघाला, दुभंगलेल्या आकड्यांचा, धडधडीत जिवंत. शनिवार-रविवार मी जेवलो नाही, तरी सोमवारी पुन्हा तो पाहिला, मोजला. जात नवी आहे, आता शंका नाही. परसूचं नाव त्याला लागेल. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात कोणी हा किडा काढला तर त्याला तुमच्या भावाचं नाव घ्यावं लागेल.

जिवंत असताना काढलेलं त्याचं चित्र सोबत पाठवतो. मेल्यावर हे प्राणी आक्रसतात, आतलं काही दिसत नाही, म्हणून पहिल्या तासाभरात काढलेल्या चित्राला फार किंमत. हे माझ्या हातचं सगळ्यात चांगलं चित्र आहे. मूळच पाठवतोय, नक्कल मी ठेवली आहे. त्याची आठवण म्हणून जवळ असू द्या.

आपला,
गुंडोराव

*

निपाणी
१७ ऑगस्ट १९५८

गुंडोराव,

चित्र चांगलं आहे. रेघ न् रेघ आखीव. खालच्या कोपऱ्यात तुमच्या चिठ्ठीतलाच मजकूर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलाय, तो मी दिव्याजवळ धरून वाचला.

"मोठा पिवळा बेडूक, नर. मूत्राशय. सर्जापूर रस्ता, मोठं तळं. परसूने आणला. १९ जुलै १९५८. जिवंत, ४.१० ते ५.२५."

चार वाजून दहा मिनिटांनी किडा तुमच्या काचेखाली होता. त्याआधी बेडूक चिरायला हवा. त्याआधी तो पोत्यातून काढायला हवा. आणि त्याआधी परसूनं तो तुमच्या हातात द्यायला हवा. साडेपाचला दार उघडलंत तेव्हा तो मेलेला होता म्हणता. मेलेल्या माणसानं चारच्या आत बेडूक कसा दिला?

पोलिसांना तुम्ही खोटं सांगितलंत. मला खोटं लिहिलंत. चिठ्ठीत मात्र खोटं लिहिता आलं नाही.

मी दवाखान्यातली मोठी कात्री घेऊन हे चित्र उभं चिरणार होते, तुम्ही बेडूक चिरता तसं. चिरलं नाही. ते माझ्याकडे राहील. काय झालं ते लिहा. नाहीतर मी चित्र घेऊन बंगळुरात येते, आणि तुमच्या मातुश्रींच्या समोर उभं राहून तुमच्या मानेमागं काय खुपसायचं ते मला ठाऊक आहे.

चंपा

*

बसवनगुडी, बंगळूर
२९ ऑगस्ट १९५८

अक्का,

अक्का म्हणण्याचा हक्क मला नाही. तरी दुसरं काही लिहवत नाही.

पावणेचारला त्यानं मागचं दार वाजवलं. मी उघडलं. त्याचा चेहरा पांढरा होता असं आता आठवतं. तेव्हा माझं लक्ष पोत्यावर होतं. "घावला साहेब, त्योच हाय, बघा," म्हणाला. मी पोतं घेतलं. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता, बेडूक आणणारी माणसं आत येत नसत आणि मी कधी ये म्हटलेलं नाही. "साहेब, पायाला जरा लागलंय," म्हणाला. मी खाली पाहिलंही. पोत्याचा तुकडा ओला होता. तळ्यातून आलेला माणूस ओला असणारच, असं मनाशी म्हटलं. लाल दिसलं का? दिसलं असावं. "स्वल्प थांब," म्हणालो आणि दार लोटलं.

बेडूक मोठा होता, सुईखाली खूप झटापट केली. मूत्राशय फुगलेलं होतं, आत काहीतरी हलत होतं. काचेवर घेतल्यावर तो किडा लांब झाला, आखूड झाला, सहाही पेले काचेला चिकटले. आतड्यात काळं रक्त भरलेलं होतं आणि ते हलताना दिसत होतं. मी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं.

साडेचारच्या सुमारास खिडकीवर टकटक झाली. एकदाच. मी मान वर न करता म्हणालो, "आलो, आलो." थोड्या वेळानं तो म्हणाला, "साहेब, पानी." मी ऐकलं. माझ्या कोपराजवळ पाण्याची झारी होती. पण एक डोळा भिंगात, हातात पेन्सिल, आकड्याची टोकं नुकती स्पष्ट झाली होती. उठलो असतो तर काच सुकून किडा मेला असता. हा हिशेब मी केला, अक्का. किडा मरेल, हा हिशेब मी त्या क्षणी केला. माणसाचा केला नाही.

पाच पंचवीसला किडा थांबला. मी दार उघडलं. रक्त तिसऱ्या पायरीपर्यंत गेलं होतं. त्याचा हात पुढं होता, तळवा वर.

तुम्ही विचारलंत, वर घट्ट बांधलं असतं तर? माझ्या टेबलावर रबरी नळी होती. हातभर लांब.

गुंडो

*

निपाणी
६ सप्टेंबर १९५८

गुंडोराव,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गंगव्वाला कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या आधीच. कोणामुळं, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या घरचं कोणी मला बोलवायला तयार नव्हतं. मी गेले. मूल पायाळू होतं, डोकं अडकलेलं. त्याची मान माझ्या दोन बोटांत होती. आत कोणी बघत नव्हतं, जरा जास्त पीळ दिला असता तर कुणालाही कळलं नसतं, गंगव्वालासुद्धा नाही. आणि माझ्या पदराला तुमचं पत्र बांधलेलं होतं. मी किती वेळ तशी होते, ठाऊक नाही. मग मूल सोडवलं. मुलगी आहे. मूठभर आहे, पण रडते जोरात.

आता ऐका. बसवंतला फाशी झाली तर मला झोप येईल, असं मी तुम्हाला लिहिलं असतं महिन्यापूर्वी. अजूनही त्याचं तोंड आठवलं की माझे दात आवळतात. पण माझ्या भावाला दोघांनी मारलं. एकानं रागात मारलं, एका फटक्यात. दुसऱ्यानं बसून, सावकाश, पेन्सिलीला टोक करून मारलं. एकालाच फासावर चढवून दुसऱ्यानं किड्याला नाव द्यायचं, हे मी होऊ देणार नाही.

कोर्टात उभे राहा. पावणेचारला तो चालत आला, बोलत होता, पाणी मागत होता, हे सांगा. माझ्याकडे कागद आहे. तुम्ही गेला नाहीत तर कागद जाईल.

चंपा

*

बसवनगुडी, बंगळूर
१४ फेब्रुवारी १९५९

अक्का,

निकाल परवा लागला. बसवंतला सात वर्षं. खुनाचा आरोप टिकला नाही. त्याच्या वकिलांनी मला तीन तास उभं केलं. पावणेचार, चार दहा, साडेचार, पाच पंचवीस. मी सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी मला दोनदा विचारलं, "तुम्हाला समजतंय का तुम्ही काय सांगताय?" समजत होतं.

बाहेर नेताना बसवंत माझ्या अंगावर आला. बेड्यांसकट दोन्ही हात माझ्या गळ्यात अडकवले आणि मला भिंतीवर आपटलं. त्याच्या तोंडात पुढचे दात नाहीत, त्यामुळं बोललेलं नीट कळत नव्हतं, पण एवढं कळलं, "म्या एक घाव घातला. पानी मागितलं असतं तर म्या दिलं असतं." चार शिपायांनी त्याला काठ्यांनी झोडपलं तरी तो सोडत नव्हता. मी हात वर केला नाही. शिपायांना थांबवलंही नाही. गळ्यावर साखळीच्या खुणा अजून आहेत.

माझ्यावर खटला होणार नाही. दार लोटल्याबद्दल कायद्यात कलम नाही म्हणतात. कॉलेजनं राजीनामा मागितला, तो दिला. आई ताट वाढून आत निघून जाते. मागची पायरी मी स्वतः तीनदा धुतली होती, तरी तिथं बसलेल्या परसूला मी रोज बघतो.

किड्यावरचा लेख लिहून तयार आहे. नावाची जागा कोरी ठेवली आहे. परसूचं नाव द्यायला मन धजत नाही, दुसरं कुठलं देणंही पाप वाटतं. तुम्ही म्हणाल तर लेख फाडून टाकतो, बाटल्या फोडतो. तुम्ही सांगा. माझ्यात आता ठरवायची ताकद उरलेली नाही.

गुंडो

*

निपाणी
२५ फेब्रुवारी १९५९

गुंडोराव,

गळ्यावरच्या खुणा जातील, महिनाभरात जातात. तेल लावा.

रक्त पिणाऱ्या किड्याला माझ्या भावाचं नाव! तुमच्या बाटल्या मीच येऊन भिंतीवर फोडाव्यात असं किती दिवस वाटत होतं. पण परसूला ते नाव हवं होतं. बोट ठेवून बघायचा, तुम्हीच लिहिलंत. मांडीत कोयता बसल्यावर तो दवाखान्यात गेला नाही, सहा मैल पायडल मारत तुमच्याकडे आला. त्याचं ते आहे. त्याचं त्याला द्या. छापून आलं की एक प्रत मला पाठवा, मी ते नाव ओळखेन.

फक्त तुमची चिठ्ठी अपुरी आहे. बाटलीतली काढून टाका. मी नवी लिहून सोबत पाठवते, पेन्सिलीनं लिहिली आहे, स्पिरिटमध्ये उतरणार नाही म्हणालात. हीच घाला आणि बूच लावा. जो कोणी पुढं ती बाटली उघडेल त्याला वाचू दे.

गंगव्वाची मुलगी आता बसायला लागली आहे. कधीकधी दुपारची माझ्याकडे असते.

चंपा

[सोबतची चिठ्ठी]

मोठा पिवळा बेडूक, नर. मूत्राशय.
सर्जापूर रस्ता, मोठं तळं. १९ जुलै १९५८.
परसूने आणला. जिवंत.
चार दहा ते पाच पंचवीस किडा पाहिला.
त्याच वेळात आणणारा बाहेर पायरीवर मेला. त्यानं पाणी मागितलं होतं.